प्रत्येकीचा ई-मेल वेगळा

श्रीमती सुनंदा खानझोडे यांची आणि माझी पहिली भेट एका नारळामुळे झाली. साल २००१. लग्न होऊन प्लेनोला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. नवऱ्याबरोबर, म्हणजे राहुलबरोबर, इंडियन ग्रोसरीच्या दुकानात गेले होते. वरच्या फळीवरचा नारळ काढायला हात घातला, तर शेजारचा भलताच घरंगळला. हातातली पिशवी टाकून मी तो डोक्याच्या वरच दोन्ही हातांनी झेलला. मागून आवाज आला, "थ्रोबॉल खेळायचीस का गं?"

वळून बघितलं तर पन्नाशीच्या एक बाई. घट्ट अंबाडा, साधा पंजाबी ड्रेस आणि पायात पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज. मी म्हटलं, "हो, कॉलेजात असताना. अमरावतीला. पण तुम्हाला कसं कळलं?"

"अंगाला न लावता झेललास. खेळ माहीत नसलेली बाई नारळ छातीशी धरते."

थ्रोबॉलमध्ये चेंडू फक्त दोन्ही हातांत झेलायचा असतो, अंगाला लागला की फाउल. हे मला माहीत होतं, पण टेक्सासमधल्या एका दुकानात, मसाल्यांच्या पाकिटांसमोर उभं राहून कुणी ते मला ऐकवेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी पर्समधून छोटी वही काढली, माझं नाव लिहिलं आणि ई-मेल विचारला. मी राहुलचा ऑफिसचा ई-मेल सांगितला. त्यांनी तो निमूट लिहून घेतला. त्या ई-मेलपायी पुढे काय रामायण घडणार आहे याची तेव्हा त्यांनाही कल्पना नव्हती.

मावशींच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी मला त्यांच्या 'क्रीडाकार्या'विषयी लिहायला सांगितलं आहे. हा शब्द वाचून मावशी नक्की हसतील. आम्ही सगळ्या त्यांना मावशीच म्हणतो, त्यामुळे इथंही तेच लिहिते. मावशी मूळच्या वर्ध्याच्या. लग्नाआधी तिथल्या मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. सत्तरच्या दशकाअखेर काकांबरोबर अमेरिकेला आल्या आणि पुढची पंचवीसहून जास्त वर्षं एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसल्या. दोन डॉक्टर, तीन खुर्च्या आणि वाट बघायला कुणीच तयार नाही, अशा ठिकाणी अपॉइंटमेंट लावून लावून त्यांचं डोकं वेळापत्रकात पक्कं मुरलेलं होतं. शिट्टी मात्र वर्ध्याचीच होती, ती त्यांनी कधी बदलली नाही.

आम्हा मुलींची परिस्थिती काय होती, हे आज नव्याने येणाऱ्यांना सांगितलं पाहिजे. आम्ही डिपेंडंट व्हिसावर आलो होतो. नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, आणि अपार्टमेंटच्या बाहेर चालत जाण्यासारखं काही नाही. घराची लीज, फोन, बँक, सगळं नवऱ्याच्या नावावर. डॉक्टरकडच्या फॉर्मवरसुद्धा मी 'राहुलची बायको' होते. राहुल बिचारा चांगलाच होता, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण दिवसभरात मला माझ्या नावाने हाक मारणारं एकही माणूस नाही, हे कळायला मला बरेच दिवस लागले. कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते.

मावशींनी चार टीम जमवल्या, शनिवारसाठी एका शाळेचं जिम मिळवलं आणि आमची लीग सुरू झाली. आधी कागदावर तक्ता होता. मग दवाखान्यात येणाऱ्या एका बाईकडून त्यांना कळलं की त्या बाईंच्या सॉफ्टबॉलच्या लीगचं सगळं इंटरनेटवर चालतं. खेळाडूंची नावं, जिम आणि मोकळे शनिवार एकदा भरले की सॉफ्टवेअर सगळ्या मॅच लावून देतं, प्रत्येकीला ई-मेल पाठवतं, कॅप्टननी स्कोअर भरले की गुणतक्ता आपोआप तयार होतो. मावशींच्या डोळ्यांत चमक आली असणार. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

अडचण अशी की सॉफ्टवेअरमधल्या खेळांच्या यादीत सॉकर होतं, बोलिंग होतं, किकबॉल होतं, पण थ्रोबॉल नव्हतं. हेल्पलाइनवरच्या बाईंनी विचारलं की हा कसला खेळ? काका सांगतात की मावशींनी रिसीव्हर खांद्याला धरला आणि दोन्ही हातांनी उशी फेकून-झेलून तो खेळ फोनवरच्या त्या बाईंना दाखवला. शेवटी आमची नोंद व्हॉलीबॉल म्हणून झाली. मावशींना ते पटलं नाही. त्या दर महिन्याला कंपनीला एक ई-मेल पाठवत राहिल्या, नम्रपणे, तोच मजकूर, वर फक्त तारीख नवी. दीड-दोन वर्षांनी एके दिवशी यादी उघडली तर टेनिस आणि ट्रॅकच्या मधे थ्रोबॉल! ज्या देशात हा खेळ कुणी ऐकलेला नाही, तिथल्या कंपनीच्या यादीत तो एका रिसेप्शनिस्टनं नेऊन बसवला.

पण मी रामायणाबद्दल सांगत होते. पहिल्याच मोसमात एका शनिवारी जिम ऐन वेळी बदललं. सॉफ्टवेअरने दोन दिवस आधी सगळ्यांना ई-मेल पाठवला. आमच्या टीमच्या सातही जणींचे ई-मेल नवऱ्यांचे, त्यामुळे निरोप सात ऑफिसांत पोचला आणि सातही जणांनी तो वाचला. राहुलला वाटलं, दुसरीचा नवरा समीर सांगेल. समीरला वाटलं, राहुलने सांगितलं असेल. एकाला वाटलं, हे ऑफिसच्या सॉफ्टबॉलबद्दल आहे, आणि त्याने तो डिलीटच केला. आम्ही सात जणी शनिवारी सकाळी जुन्या जिमच्या बंद दाराशी तासभर उभ्या होतो, आणि तिकडे समोरच्या टीमला वॉकओव्हर मिळाला.

त्या दिवशी दुपारी मावशींनी नियम काढला: प्रत्येकीचा ई-मेल वेगळा हवा. नवऱ्याचा चालणार नाही, जोडीचाही चालणार नाही.

कुरकुर झालीच. एकजण म्हणाली, "मावशी, आमच्यात सगळं एकच असतं. वेगळा कशाला?"

"असू दे की," मावशी म्हणाल्या. "सर्व्हिस दोघं मिळून करता का?"

पुढचे तीन रविवार त्यांच्या डायनिंग टेबलवर ई-मेल उघडण्याचा कार्यक्रम चालला. काका चहा करत होते आणि आम्ही एकेक करून संगणकासमोर बसत होतो. पासवर्ड टाकायची वेळ आली की मावशी खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही बघितलं तरी चालेल, तुमच्यापासून काय लपवायचं?" भिंतीकडे बघतच त्या म्हणाल्या, "मला चालत नाही." फॉर्मवर आडनावाचा रकाना आला तेव्हा मी अडले. कुठलं लिहू? त्या म्हणाल्या, "ज्या नावाने हाक मारली तर तू वळशील ते लिही." मी काय लिहिलं ते इथं सांगत नाही.

संध्याकाळी घरी येऊन लीगची साइट उघडली. तिथं माझं नाव होतं, पुढे 'कॅप्टन' असं लिहिलेलं होतं. अमेरिकेतल्या कुठल्याही कागदावर स्वतःच्या बळावर आलेलं ते माझं पहिलं नाव. मी ते तीनदा उघडून बघितलं.

मावशींची काम करण्याची पद्धत एकदा सांगते, कारण पुढचा प्रसंग तिच्यावरच उभा आहे. स्कोअर त्या स्वतः कधीच भरत नसत. मॅच झाली की जिंकलेल्या टीमच्या कॅप्टनने सातही जणींची नावं आणि गुण भरायचे, हरलेल्या कॅप्टनने ते मान्य करायचे. भरणाऱ्या कॅप्टनला शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत चूक दुरुस्त करता यायची. सहाला तक्ता लॉक व्हायचा आणि पुढच्या मॅचचे ई-मेल सुटायचे. ॲडमिन म्हणून मावशींना काहीही बदलता येत होतं, पण एकदा मी चुकून एक गुण जास्त भरला तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं, "तुझ्या नावाने भरलेला आहे, तूच काढ." रविवारी सकाळी त्या हरलेल्या टीमच्या कॅप्टनला पहिला फोन करायच्या. जिंकलेलीला फोन करायला इतर सगळे असतात, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना आणायला, सोडायला स्वतः जायच्या. त्यांच्या गाडीच्या डिकीत नेट, दोन चेंडू आणि कुणाच्या ना कुणाच्या मुलाची कार सीट कायम असायची.

२००५ पर्यंत आम्ही प्लेनोशेजारच्या फ्रिस्कोला घर घेतलं होतं, मी गाडी चालवायला लागले होते, आणि माझ्या टीमचं नाव 'फ्रिस्कोच्या फटाकड्या' असं झालं होतं. नावाप्रमाणे आम्ही आवाज खूप करायचो, पण फायनलला कधीच पोचलो नव्हतो. त्या वर्षी अंजली नावाची नवी मुलगी टीममध्ये आली. नांदेडची, नुकतंच लग्न झालेलं, अबोल. मावशींच्या टेबलवर तिने एका बोटाने टाइप करून ई-मेल उघडला. साइटवर आपलं नाव आलेलं बघून तिने त्या पानाचा प्रिंट मागितला आणि घरी नेऊन फ्रीजवर लावला. अंजली झेल छान घ्यायची, पण तिची सर्व्हिस दहातली नऊ वेळा नेटमध्ये जायची. दर वेळी ती स्वतःच आधी हसायची.

त्या मोसमात आम्ही सेमीफायनलला पोचलो, समोर प्लेनो वाघिणी. आदल्या गुरुवारी अंजलीचे वडील आजारी असल्याचा फोन आला आणि ती दुसऱ्याच दिवशी भारतात गेली. शनिवारी सकाळी आणखी एकीच्या मुलाला ताप भरला. जिममध्ये मोजलं तर आम्ही सहाच. सात नसल्या तर वॉकओव्हर, नियम स्पष्ट होता. आणि बाकावर माझी नणंद बसली होती. मृणाल पुण्याहून महिन्याभरासाठी आलेली, युनिव्हर्सिटीकडून खेळलेली, पण लीगच्या यादीत नाव नसलेली. पायात शूजसुद्धा होते. मावशी त्या वेळी दुसऱ्या जिममध्ये दुसरी सेमीफायनल बघत होत्या. वाघिणींची कॅप्टन शर्वरी त्या वर्षी नवीन होती, अंजलीला ओळखत नव्हती.

मी कागदावर सातवं नाव लिहिलं: अंजली. मृणाल खेळली.

मृणालने नऊ सर्व्हिस मारल्या, एकही चुकली नाही. आम्ही जिंकलो. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो, आणि मीही पडले, हे मी कबूल करते. संध्याकाळी घरी येऊन मी स्कोअर भरला. अंजलीच्या नावापुढे नऊ आकडा टाकला. शर्वरीने तो मान्य केला. मनाची समजूत घालायला मी तयारच होते: नियमाने सात जणी हव्या होत्या, सात होत्या. नावाचं काय एवढं?

बुधवारी दुपारी अंजलीचा ई-मेल आला. नांदेडच्या सायबर कॅफेतून, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. बाबा आता बरे आहेत, दोन आठवड्यांत येते, असं आधी होतं. मग लिहिलं होतं: "साइट बघितली. शनिवारी मी नऊ सर्व्हिस मारल्या असं दिसतंय. नेटमध्ये एकही नाही! वैशालीताई, मी एवढी छान कधी खेळायला लागले? मी काय काय केलं ते सांग ना, बाबांना वाचून दाखवते."

तिला गैरसमज झाला असेल, किंवा ती थट्टा करत असेल, किंवा तिने न बोलता मला धरलं असेल. काहीही असो, मी उत्तर न देताच तो ई-मेल बंद केला. जिने आपलं नाव फ्रीजवर लावलं होतं, तिच्या नावावर मी दुसरीच बाई उभी केली होती. ज्या घरात मला माझ्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं ते घर मी विसरले होते, चार वर्षांत.

गुरुवार मी तसाच घालवला. खोटं बोलायचं नाही, मी हिशेबही मांडला. शुक्रवार सहानंतर तक्ता लॉक होईल, मग बदलायचं म्हटलं तरी बदलता येणार नाही, प्रश्न सुटेल. शुक्रवारी दुपारी मात्र टीमला फोन केले, स्कोअर दुरुस्त करते आहे हे सांगायला. रेवती, आमच्यातली सगळ्यात जुनी खेळाडू, भडकलीच. "अगं यार, फायनल आहे! चार वर्षांनी! टी-शर्टवर नावं छापून झालीत, माझ्या पोराने बॅनर केलाय. कोणाला कळणार आहे?"

"अंजलीला कळलंय," मी म्हटलं.

ती म्हणाली, "कर काय करायचं ते," आणि फोन ठेवला.

सहाला अठरा मिनिटं असताना मी स्कोअर उघडला. अंजलीचं नाव काढलं, आमची टीम सहाची झाली आणि मॅच आपोआप वाघिणींच्या नावावर गेली. बदल केला की सॉफ्टवेअर कारण विचारतं. मी लिहिलं: अंजली भारतात होती. तिच्या नावावर दुसरी खेळली. कॅप्टन मी होते. मग मावशींना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल, वैशाली."

"मावशी, मी सेमीफायनलचा स्कोअर बदललाय."

"कारण लिहिलंस?"

"हो."

"काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, आणि खरं तर मला ते हवंच होतं. मावशी म्हणाल्या, "बरं. उद्या साडेआठला जिममध्ये ये. फायनलला स्कोअरच्या टेबलवर मला तू हवी आहेस."

मी थक्क झाले. आठवड्यापूर्वी खोटं नाव लिहिणाऱ्या बाईला त्यांनी वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मॅचचा कागद दिला. दुसऱ्या दिवशी मी टेबलवर बसले. प्रत्येक नाव लिहिण्याआधी चेहरा बघत होते. रेवतीच्या मुलाने केलेला बॅनर रेवतीने तरीही आणला होता, त्यावरचं 'फटाकड्या' खोडून नुसतं 'फायनल' ठेवलं होतं. वाघिणी हरल्या. रविवारी सकाळी मावशींचा पहिला फोन शर्वरीला गेला.

अंजली दोन आठवड्यांनी परतली. मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "मला आधी कळेचना. वाटलं साइटच बिघडली. पण मावशींना तर माहीत होतं ना? मला एअरपोर्टवर त्यांनीच तर सोडलं."

म्हणजे शनिवारी संध्याकाळी माझा स्कोअर बघितल्या क्षणी मावशींना सगळं कळलं होतं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी मावशींना याबद्दल कधी विचारलं नाही. धीर झाला नाही.

पुढचं या वर्षी घडलं. साठ पूर्ण होताना मावशींनी जाहीर केलं की लीगचं काम आता मी बघायचं. त्यांच्या त्याच डायनिंग टेबलवर आम्ही बसलो, काकांनी चहा केला. ॲडमिनचा पासवर्ड बदलायची वेळ आली आणि मावशींनी खुर्ची भिंतीकडे वळवली. सात वर्षं स्वतः चालवलेल्या लीगचा नवा पासवर्ड त्यांना नको होता. मला टाइप करता येईना, अक्षरं दिसत नव्हती. "झालं का गं?" त्यांनी दोनदा विचारलं.

ॲडमिनला एक नोंदवही दिसते. कुणी कधी काय उघडलं, काय बदललं, त्याची यादी. घरी आल्यावर मी ती बघत बसले. सात वर्षांत ॲडमिनने बदललेला एकही स्कोअर नव्हता. मग मी २००५ च्या त्या आठवड्यावर आले. रविवार सकाळ, सात वाजून पाच मिनिटं: सेमीफायनलचा स्कोअर बदलण्यासाठी उघडला, कॅन्सल केला. सोमवार सकाळ: उघडला, कॅन्सल. मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज दवाखान्यात जायच्या आधी, उघडला आणि कॅन्सल केला. शुक्रवारी संध्याकाळी पाच एकतीस: उघडला, कॅन्सल. त्याच्या खाली पाच बेचाळीस, माझं नाव, बदल केला.

एका क्लिकचं काम होतं. वाघिणींवर अन्याय होत होता, तो दूर करणं मावशींच्या हातात होतं आणि हात रोज सकाळी तिथवर जात होता. तो त्यांनी माझ्यासाठी मागे घेतला. दुसऱ्या माणसावर एवढा विश्वास टाकायचा म्हणजे स्वतः किती सोसावं लागतं, हे मला त्या यादीवरून कळलं.

आणि मग मला एक न पाठवलेला निरोप दिसला. त्याच शुक्रवारचा, पाच वाजून दहा मिनिटांचा. सगळ्या कॅप्टनना उद्देशून लिहिलेला. तो मी इथं त्यांची परवानगी न घेता देते आहे, त्या रागावल्या तरी चालेल.

"मैत्रिणींनो, आपली लीग मी आजपासून बंद करते आहे. फायनल होणार नाही. कुणी विचारलं तर कारण एवढंच सांगा की प्रत्येकीचं नाव तिचंच असतं, हे मला तुम्हाला नीट शिकवता आलं नाही. चूक शिकवणारीची आहे. कुणाचंही नाव घेऊ नका. सुनंदा खानझोडे."

माझं नाव त्यात नव्हतं. लीग बुडाली असती, त्यांनी उभं केलेलं सगळं गेलं असतं, आणि तरीही माझं नाव त्यांनी राखलं असतं. सहाला अठरा मिनिटं होती, मला वाटत होतं माझी फायनल पणाला लागली आहे.

मी लगेच फोन केला. म्हटलं, "मावशी, तो निरोप अजून आहे इथं."

"राहिला का तिथंच?" त्या म्हणाल्या. "डिलीट कर गं. जागा अडवत असेल."

मी तो निवडला, आणि कॅन्सल दाबलं. तो तिथंच राहणार आहे. माझ्यानंतर जिच्या हाती हे काम जाईल तिने तो वाचावा अशी माझी इच्छा आहे.

मावशी, आज तुमच्या साठीला तुमचं कौतुक करायला एवढी माणसं जमली आहेत, त्यातल्या निम्म्या बायकांचा पहिला ई-मेल तुमच्या टेबलवर उघडलेला आहे. देवाने तुम्हाला भरपूर आयुष्य द्यावं, आणि ते धडधाकट द्यावं, गुडघ्यांसकट. काकांचा चहा आम्हाला असाच आणखी वर्षानुवर्षं मिळो. शनिवारी सकाळी जिममध्ये या, शिट्टी घेऊन या, आमची सर्व्हिस नेटमध्ये गेली की ओरडा. वेळापत्रक आता मी लावते, तुम्ही काही बघायचं नाही. स्कोअरच्या टेबलाशेजारी मी एक खुर्ची ठेवली आहे. पुढच्या मोसमाच्या यादीत ती तुमच्या नावावर लिहिली आहे, आणि त्या नावावर दुसरं कुणी बसणार नाही, याची जबाबदारी माझी.